रिकामी ताटली परत जात नाही

काटकसर करू नका. करायचीच असेल तर दारं-खिडक्या घट्ट लावून करा. आणि आमच्यासारख्या शुब्रा मोहल्ल्यातल्या इमारतीत राहत असाल तर मुळीच करू नका, कारण इथे दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाने चहात साखर कमी घातली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईचं तोंड कडू होतं.

माझ्या डोक्यावर हाजी फुतूहचे अठरा हजार पौंड होते. कसे झाले ते विचारू नका. ज्यांना मुलगी आहे त्यांना माहीत आहे, ज्यांना नाही त्यांनी खुशाल झोपावं. फ्रीज, कपडे धुण्याचं यंत्र, शेगडी आणि एक काचेचं कपाट. या कपाटात अठ्ठेचाळीस पेले आणि सोनेरी काठाच्या बशा मांडायच्या आणि मरेपर्यंत त्यातून पाण्याचा घोट घ्यायचा नाही. हे सगळं उघड्या ट्रकांवर चढवून गल्लीतून वाजतगाजत नेलं, कशासाठी, तर आमच्या नशवाच्या सासूला कळावं की मी, बहगत, कारकून असलो तरी भिकारी नाही. लग्न झालं, ट्रक गेले, सासू एकदाची हसली, आणि अठरा हजार मागे राहिले.

कर्ज साधं असतं तर मी इतका कासावीस झालो नसतो. पण हाजी उधारीवर माल देताना अमानत पावतीवर सही घेतो. तिच्यावर लिहिलेलं असतं की अमुक रक्कम मी निव्वळ सांभाळायला म्हणून घेतली आहे. पैसे थकले की तुम्ही कर्जदार राहत नाही, चोर होता. शिवाय रकमेची जागा हाजी कोरी ठेवतो. "आपल्यात आकडा कशाला, उस्ताज बहगत? तुम्ही मला भावासारखे!" या भावाने मला रमजान ईदपर्यंत मुदत दिली होती. ईद झाली की पावती पोलिसांत. मग नोकरी गेली, पेन्शन गेलं, आणि मुलीला सासरी जन्मभर मान खाली घालून वावरणं आलं.

म्हणून मी जेवताना घोषणा केली, "आजपासून चहात एकच चमचा साखर."

"एक चमचा घालून आपण आजारी माणसाला देतो," बायको म्हणाली. तिचं नाव इनायत. "तुम्ही आजारी आहात का, नशवाचे बाबा?"

"मी कर्जबाजारी आहे."

"मग माझी साखर का कापता? सही तुमची आहे."

अशा बायकोबरोबर काटकसर करायची म्हणजे उतारावर ब्रेक नसलेली गाडी ढकलत चढवायची. तरी मी नेटाने लागलो. तूप बंद, तेल अर्धं. मटण बंद. कहवाखान्यातली संध्याकाळची बैठक बंद. एका वेळी घरात एकच दिवा. संध्याकाळ झाली की मी या खोलीतून त्या खोलीत फिरत बटणं बंद करायचो, आणि मी बंद केलेलं बटण उघडतंय कोण हे बघायला पुन्हा उलटा फिरायचो. "बसा हो एका जागी!" इनायत ओरडायची. "घरात भूत फिरतंय असं वाटतं!" पण मला बसवतच नव्हतं. बसलो की ईद जवळ आल्यासारखी वाटायची.

कचेरीत पायी जाऊ लागलो. पहिल्याच आठवड्यात उजव्या बुटाचा तळ सुटला आणि सुटला तोही साहेबांसमोर, फटक फटक आवाज करत. चांभाराने जेवढे घेतले तेवढ्यात महिनाभर मिनीबसने गेलो असतो. परत येताना जिन्यात पहिल्या मजल्यावरचे उस्ताज लुत्फी भेटले. हे रेल्वेतून निवृत्त झालेले इन्स्पेक्टर. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, पण सल्ले द्यायची सवय सुटली नाही. मशिदीच्या मदत समितीवरही ते आहेत, त्यामुळे त्यांच्या सल्ल्याला धार्मिक वजनही असतं.

"पायी चालता? उत्तम! पण बहगतभाई, खरी काटकसर रेशनकार्डात असते," ते म्हणाले. "तुम्हाला साखर कमी मिळते. जाऊन नीट करून घ्या. माणूस आपल्या हक्काबद्दल आळशी असू नये."

मी हक्काबद्दल आळस सोडला आणि रजा टाकून रेशन कचेरीत गेलो. तिथल्या बाईने कार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "या घरात अलीकडे कुणाचं लग्न झालं?" मी सरळ माणूस. अभिमानाने सांगितलं, झालं. तिने एक नाव उडवलं. घरी येऊन बघतो तर नशवाचं नाव जागच्या जागी आणि इनायतचं गायब. सरकारच्या लेखी माझी बायको लग्न होऊन दुसऱ्या घरी नांदायला गेली होती. भाकरी आणि साखर त्या प्रमाणात कमी झाली.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. बाई म्हणाली, ही बाई तुमची बायको असल्याचा नवा दाखला आणा. दाखला देणारा म्हणाला, बायकोला घेऊन या. इनायत म्हणाली, "मी नाही येत. कागदावर तरी सुटलेय तुमच्यापासून, चार दिवस राहू दे की तशीच."

एका चमच्याच्या साखरेसाठी मी दोन दिवसांचा पगार घालवला. लुत्फींना सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही तिथे बोललात कशाला?" सल्ला देणाऱ्याचं हे बरं असतं.

आता रमजान लागला, आणि खरी आपत्ती वरून आली. अगदी शब्दशः वरून.

आमच्याकडे मुलूखियाच्या पाल्याची पातळ भाजी करताना लसूण-धण्याची कडकडीत फोडणी वर ओतायची असते, आणि ती ओतताना करणारीने घाबरल्यासारखा मोठ्याने श्वास आत ओढायचा असतो. हाऽऽ! नाहीतर भाजीला चव येत नाही. का, ते विचारू नका. माझ्या आजीच्या काळातही कुणी विचारलं नव्हतं. तेल अर्धं झाल्यापासून आमच्या घरी फोडणी बंद होती, म्हणजे श्वासही बंद. आणि आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, तफीदा मावशी राहते. ही माझी मावशी नाही, सगळ्या गल्लीचीच मावशी आहे. तिचे गुडघे गेलेत, डोळे अधू झालेत, पण कान एखाद्या गुप्तहेर खात्याला उधार द्यावेत असे.

"इनायत! अगं ए इनायत!" एका संध्याकाळी वरून हाक आली. "किती दिवस झाले तुझा मुलूखियाचा श्वास ऐकला नाही गं! बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे मावशी! उन्हाळा आहे म्हणून हलकंफुलकं करते!" इनायत म्हणाली. तिचं तोंड माझ्याकडे होतं आणि त्या तोंडावर जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी रोजा सोडायच्या थोडं आधी आमच्या गॅलरीसमोर आकाशातून एक टोपली उतरली. भाजीवाल्याकडून सामान वर घ्यायला सगळ्यांच्या गॅलरीत दोरीला बांधलेली टोपली असते, तशीच ही मावशीची. आत द्राक्षाच्या पानात भात भरून केलेल्या वळकट्यांची अख्खी ताटली, वाफाळलेली.

मला तर वाटलं, देव आहे. फुकटचं जेवण! मी तीन वळकट्या उभ्यानेच तोंडात टाकल्या आणि मनात हिशेब मांडला. रमजानभर असंच चाललं तर स्वयंपाकाचा खर्च शून्य.

"ताटली?" इनायत म्हणाली.

"धुऊन देऊ परत."

"रिकामी?" तिने कपाळावर हात मारला. "रिकामी ताटली परत जाते का कधी? तुमच्या आईने हेच शिकवलं?"

माझ्या आईने हेच शिकवलं होतं, हाच तर घोळ होता. त्या संध्याकाळी दूध आलं, तांदूळ आले, साखर आली (किती चमचे ते मी बघितलं नाही, बघवलं नसतं), आणि खीर होऊन वर गेली. दुसऱ्या दिवशी वरून बदकाची तंगडी आली. बदकाच्या तंगडीला खिरीने उत्तर देता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मटण आणावं लागलं. ते वर जाताना खालून लुत्फींच्या बायकोने पाहिलं, आणि बहगतच्या घरी सध्या ओढगस्त आहे ही बातमी तिला आधीच मावशीकडून मिळालेली असल्यामुळे तिनेही एक ताटली पाठवली. आता मला दोन मजल्यांना उत्तरं द्यायची होती. रमजानआधीच्या शाबान महिन्यात बुटाचे तळ झिजवून जे वाचवलं होतं ते रमजानच्या दहा दिवसांत दोरीने वरखाली झालं. लोक मला दया दाखवत होते आणि त्या दयेची किंमत मी रोख मोजत होतो.

एकदा मी बंडही केलं. टोपली उतरली तेव्हा दिवा घालवून आम्ही दोघं पलंगामागे बसलो. टोपली गॅलरीसमोर झुलत राहिली. वरून मावशी, "इनायत, घे गं, हात भरून आला माझा!" मग समोरच्या इमारतीतून कुणीतरी, "अहो बहगत, टोपली घ्या की, म्हातारीचा खांदा निखळेल!" मग खालून भाजीवाला. शेवटी सगळी गल्ली वर मान करून माझी टोपली बघू लागली. मी दिवा लावून बाहेर आलो आणि म्हणालो, "अरेच्चा! डोळा लागला होता."

"रोजा सुटायच्या वेळेला?" मावशी म्हणाली. "उपाशी माणसाला झोप बरी येते."

तेव्हा मला ती युक्ती सुचली. माझ्या हुशारीचा मला आजही अभिमान आहे, तिने मला बुडवलं ही गोष्ट वेगळी. मावशीचं वरून आलेलं खाली लुत्फींकडे पाठवायचं, आणि लुत्फींचं खालून आलेलं वर मावशीकडे. ताटल्या बदलायच्या, वर चार बेदाणे टाकायचे. खर्च बेदाण्यांचा. लुत्फींकडून कुनाफा, म्हणजे शेवयांची पाकातली मिठाई, आला होता, तो असा वर गेला. त्याआधी मी एक कोपरा खाल्ला आणि ती जागा बेदाण्यांनी बुजवली.

दोन दिवसांनी मी गॅलरीत उभा असताना माझ्या नाकासमोरून मावशीची टोपली खाली लुत्फींकडे निघाली. तिच्यात कुनाफा. कोपऱ्यात बेदाणे.

वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी लुत्फींच्या बायकोने दार वाजवून स्वतः ताटली दिली. "गरम गरम केलाय, वहिनींना द्या." कुनाफा असा झाला होता की फरशीत बसवला असता तर रंगही जुळला असता. कोपऱ्यात बेदाणे. माझेच.

मी ताटली घेऊन गॅलरीत गेलो आणि इतक्या दिवसांची सगळी चिडचिड एकदम तोंडात आली. "मावशी! लुत्फीभाई! जरा बाहेर या! हा कुनाफा कुणी खाणार आहे की नाही? की याला आता भाडं लावू?"

वरून एक डोकं निघालं, खालून एक. मध्ये मी, ताटली हातात.

"मला दात नाहीत," मावशी म्हणाली. मग जरा थांबून, "आणि दुसरं काही करून पाठवायला पैसेही नाहीत. नातीच्या लग्नात हाजीकडे सही केलीय. बदक होतं ते शेवटचं."

"मावशी, तुम्हीसुद्धा?"

"मी सुद्धा म्हणजे? तुला काय वाटलं, कपाटं काय तुझ्याच लेकीला लागतात?"

खालून लुत्फी खाकरले. ते नेहमी सल्ला द्यायच्या आधी खाकरतात. "मुद्दा असा आहे," ते म्हणाले, आणि पुढे मुद्दा निघेना. शेवटी म्हणाले, "धाकटीची शेगडी आणि फ्रीज. माझीही पावती कोरीच आहे."

रेल्वेचा इन्स्पेक्टर, मदत समितीचा सभासद! त्याने मला काटकसर शिकवली आणि मी शिकलो!

"पण तुमची सोय झाली आहे, बहगतभाई," लुत्फी वर बघत म्हणाले. "रागावू नका. यंदा समितीचा कर्जमुक्ती निधी आहे ना, त्यात मी तुमचं नाव दिलंय. ईदच्या आधीच्या शुक्रवारी गल्लीच्या पंगतीत तुमचं सगळं कर्ज फेडलं जाईल. स्वतःचं नाव द्यायची मला लाज वाटली."

म्हणजे माझं द्यायला वाटली नाही. या निधीला मी स्वतः पन्नास पौंड दिले होते, कारण लुत्फी पेटी घेऊन दारात उभे राहिले तेव्हा नाही म्हणायची मला लाज वाटली. आमची सगळी गल्ली एकमेकांना लाजून भिकेला लागली होती. मी म्हणालो, मी जाणार नाही. मी काय रस्त्यावरचा आहे?

इनायतने माझी बाही धरून मला आत ओढलं. "जाणार. डोकं खाली घालणार. लोक बघतील तर बघू देत. तोंड उघडायचं नाही. नशवाचे बाबा, तुम्ही तुरुंगात गेलात तर मी त्या पोरीच्या सासूसमोर कशी उभी राहू?"

मी इस्त्री केलेला सदरा घातला.

पंगत गल्लीभर लांब होती. बांग झाली, खजूर फोडले गेले, सूप झालं, आणि हाजी फुतूह माईक घेऊन उठला. पंगत त्याची, तंबू त्याचा, माईक त्याचा, फोटोवालाही त्याचाच. त्याने मला शेजारी उभं केलं आणि खांद्यावर हात टाकला.

"आपल्या गल्लीतले एक अब्रूदार गृहस्थ," तो म्हणाला, "लेकीच्या लग्नापायी गांजलेले. नाव घेऊन मी त्यांना लाजवणार नाही. उस्ताज बहगत, जरा इकडे कॅमेऱ्याकडे बघा. तर बंधूंनो, तुमच्या दानामुळे आज उस्ताज बहगत यांचं एकतीस हजार पौंडांचं कर्ज आपण फेडत आहोत!"

टाळ्या वाजल्या. मी डोकं खाली घातलं होतं, तोंड मिटलेलं होतं, देवाशपथ मिटलेलं होतं. ते आपोआप उघडलं.

"किती?"

"एकतीस, उस्ताज. अल्लाची कृपा."

"अठरा!"

"असू द्या हो. तुम्हाला कुठे द्यायचेत?"

"असू द्या काय!" माईक त्याच्या हातात होता तरी माझा आवाज टोकापर्यंत गेला. इतक्या आठवड्यांच्या एका चमच्याचा चहा त्या आवाजात होता. "मी चोर असेन तर अठराचा चोर आहे! एकतीसचा चोर म्हणून मी फोटो काढून घेणार नाही! मला काही इज्जत आहे!"

हसू फुटलं. हाजीही हसला, पण त्याचा हात खांद्यावरून निघाला. मी विचारलं, "हे एकतीस हजार निधी देणार कुणाला?"

"ज्याचं देणं आहे त्याला."

"म्हणजे कुणाला?"

गल्लीत चमचे थांबले. बायकांच्या बाजूने मावशीचा आवाज आला. "बोल की रे फुतूह! हातगाडीवर बटाटे विकायचास तेव्हा दुसऱ्या गल्लीत ऐकू जायचास. आता काय झालं घशाला?"

आणि मग लुत्फी उठले. खाकरले नाहीत. "हाजी, माझ्या पावतीवर किती घातलेत तेही वाचा," ते सगळ्यांसमोर म्हणाले. ते बसायच्या आत पंगतीतून दुसरा उठला, मग एक बाई, मग हातात भाकरीचा तुकडा धरलेला एक म्हातारा. अर्ध्या गल्लीने एकाच दुकानात कोऱ्या कागदावर सही केली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की गाढव आपण एकटेच.

शेवटी मशिदीच्या शेखने, म्हणजे इमामाने, माईक काढून घेतला. निधीची पेटी काखेत मारली आणि म्हणाला, प्रत्येक पावतीवर खरा आकडा येईपर्यंत यातला छदामही कुणाला मिळणार नाही, आणि खऱ्या आकड्याशिवाय पोलिसांत जाईल त्याच्या दुकानातून या गल्लीने खिळाही घेऊ नये. हाजीने आजूबाजूला पाहिलं. पंगत त्याचीच होती, पण आता त्याच्या बाजूने एक फोटोवाला तेवढा उरला होता. त्याने मान्य केलं. जुन्या पावत्या फाडायच्या, खऱ्या रकमेचे साधे कागद करायचे, आणि दरमहा हप्ता. निधी आता एकट्या माझा राहिला नाही; जो हप्त्याला अडेल त्याच्यासाठी तो पेटीत ठेवायचा ठरलं.

लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. मी छाती काढून घराकडे निघालो. इनायत शेजारून चालत होती. जिन्यात बोलली.

"माणूस बुडत असतो. काठावरून कुणी दोरी टाकतं. आणि हा म्हणतो, थांबा, आधी दोरी मोजून द्या!"

"अगं, पण एकतीस..."

"एकतीस लाख म्हणाला असता तरी गप्प बसायचं होतं! फुकट सुटत होतात! भांडून, घसा फोडून, सगळ्या गल्लीसमोर अठरा हजारांचं कर्ज परत घरी घेऊन आलात!"

हे खरं होतं. याच्यावर मी आजवर बराच विचार केला आहे आणि दर वेळी ते खरंच निघतं. ईदपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. कामापुरतंही नाही.

ईदनंतर नवा कागद करायला हाजीच्या दुकानात गेलो तर ती बरोबर निघाली. "तुमच्या सहीवर माझा विश्वास उरलेला नाही," एवढंच म्हणाली. हाजीने कागद पुढे केला. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि मोठमोठ्याने वाचायला लागली. नाव, पत्ता, रक्कम आकड्यात, रक्कम अक्षरात, हप्ता, तारीख. एका जागी थांबून म्हणाली, "इथे अठरा हजार 'अंदाजे' का लिहिलंय? अंदाजे तुमचं वय असेल." हाजीने ते खोडलं.

दुकान भरलेलं होतं, कारण ईदनंतर लग्नं असतात. शेजारच्या टेबलावर एका बाईची मुलगी काचेच्या कपाटावरून हात फिरवत होती आणि हाजीचा माणूस त्या बाईला पेन देत म्हणत होता, "आपल्यात आकडा कशाला, मावशी?" बाईने पेन घेतलं होतं. इनायतचं वाचन ऐकता ऐकता तिने ते खाली ठेवलं आणि आमच्याकडे वळली.

"ताई, तुमचं झालं की माझं पण वाचता का जरा?"

इनायतने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि मला कोपराने बाजूला सारलं.

"उठा हो, नशवाचे बाबा. बाईंना बसू द्या."